कानाने पारखलेले बारा

२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही म्हणता, हल्ली लाइनीच बिघडल्यात, माणसं तोंडात रुमाल धरून बोलतात. म्हणून पत्र. नोकरी सोडून मी गिटारची पेडलं बनवते, हे आईने कळवलं असेलच. कुठल्या सुरात कळवलं असेल तेही मला पाठ आहे. पेडल म्हणजे गिटारवाल्याच्या पायाशी असणारा पत्र्याचा डबा. बटण दाबलं की तारेचा आवाज जाड, फाटका होतो. त्यासाठी जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर लागतात. नव्यांना ते जमत नाही. ते फाटतातही शिस्तीत.

जुन्या बाजारात एकाने अशा सुट्या भागांचा अख्खा डबा माझ्या गळ्यात मारला. तो सोबत पाठवते. काळा रंग दिलेल्या काचेच्या बारीक नळ्या आहेत, अंगावर ना नाव ना नंबर. काहींना चक्क चार पाय आहेत. इंटरनेटवर विचारलं, तर दहा जणांनी दहा नावं सांगितली आणि मग आपसात भांडत बसले. तुम्ही उभा जन्म कानाची यंत्रं दुरुस्त केलीत, तेव्हा यांची कुळं तुम्हीच सांगा. एका गिटारवादक बाईंची ऑर्डर आहे, माझी पहिलीच. त्यांचं वाजवणं संथ, अगदी हळू. आवाज फाटका हवा, पण मागे फुसफुस नको.

मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची,
चिमटी

११ फेब्रुवारी

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. भंगारवाल्याने तुला गंडवलं, पण बेतानेच, सज्जन दिसतो. मी आयुष्यभर आवाज स्वच्छ करायला डोळे फोडले आणि सख्खी भाची तोच आवाज फाडून विकते. घराण्याचं नाव काढलंस.

आता कुळं. काळ्या नळ्या कानाच्या यंत्रांतल्याच. लाल ठिपका ज्या पायाशी, तो कलेक्टर नावाचा पाय. ठिपका उडाला असेल तर दोन पाय जवळ आणि एक फटकून उभा असतो. फटकून वागणारा तोच. चार पायवाले रेडिओतले. तो चौथा पाय घरजावयासारखा: काम काही नाही, नुसता घराच्या पत्र्याला चिकटलेला. त्याला अर्थिंगला जोड, गुरगुर कमी होईल. पिवळे पट्टे ल्यालेला लठ्ठ गडी ट्रान्झिस्टर नव्हेच. कागदी कपॅसिटर आहे आणि केव्हाच वाळलाय. आणखी एकाचा तिसरा पाय नुसता चिकटवलेला निघाला. मुळात तो दोन पायांचा डायोड. त्याला बढती दिली ती भंगारवाल्याने.

सगळे मीटरवर लावले. पण मीटर आकडा सांगतो, स्वभाव सांगत नाही. म्हणून एकेक माझ्या अँप्लिफायरला जोडून हेडफोनवर ऐकला. बारा निघाले, तळ्याच्या पाण्यासारखे शांत. वेगळ्या पुडीत घातलेत, वर लिहिलंय: कानाने पारखलेले बारा. डोळे मिटून लाव. तुझी मामी पाठीमागे काहीतरी पुटपुटते आहे, बहुधा आशीर्वादच.

लोभ आहेच, त्याची पावती मागू नये.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कुळं तंतोतंत. घरजावयाला अर्थिंग दिलं आणि त्याची गुरगुर थांबली. भंगारवाल्याला डायोड दाखवला, तर त्याने तुमचा पत्ता मागितला. नोकरी देणार म्हणतो.

पण एक गोची झालीय. तुमच्या बारांतले दोन लावून पेडल बाईंकडे नेलं. त्यांनी तारेला हात लावायच्या आधीच बटण दाबलं आणि मला विचारलं की आत साप पाळलाय का. दुसरी जोडी लावली, तर दुसरा साप. माझ्याच डागकामात खोट असणार. बाई समजूतदार आहेत, थांबते म्हणाल्या. तुम्हाला काय वाटतं?

माया असू द्या. सध्या तिची गरज आहे.

तुमची,
चिमटी

२७ फेब्रुवारी

चि. चिमटीस आशीर्वाद, थोडे कमी.

माझ्या कानाने पास केलेला ट्रान्झिस्टर फुसफुसतो, हे वाक्य या घरात प्रथमच आलं. अगं, त्या काचेवरचा काळा रंग शोभेला नाही. त्याचा टवका उडाला की आत उजेड शिरतो, आणि जर्मेनियम उजेडाला भुलतं. तू तुझ्या खोलीतली ट्यूबलाइट ऐकते आहेस. डब्याला झाकण लाव आणि मग बोल.

झाकण लावूनही साप निघाला, तर बाईंचे कान तपासून घे. माझं कपाट यंत्रांनी भरलेलं आहे. त्यांना एक फुकट देईन.

लोभ पूर्ववत होईल, चूक कबूल केलीस की.

तुझा,
मामा

६ मार्च

ती. मामीस सा. न.

हे पत्र तुझ्यासाठी, मामांना दाखवू नकोस.

मामांच्या सांगण्यावरून झाकण लावलं. एक गूं असा आवाज होता तो झटक्यात गेला. ते बरोबरच होते. पण फुसफुस राहिली. मग मी अख्खा डबा स्वतः ऐकला. खरखरणारे, फटफटणारे सगळे मामांनी अचूक बाजूला काढलेत. जाड आवाज त्यांना चांगला ऐकू येतो. पण बारांतले बहुतेक फुसफुसतात, आणि ही फुसफुस बारीक असली तरी दारातून ऐकू येईल एवढी आहे. ती त्यांना आलीच नाही. त्यांना फोनवर स आणि श कळत नाहीत, तेव्हाही ते लाइनीला शिव्या देतात.

मामी, मामांना बारीक आवाज येईनासे झालेत. पेडलचं मी बघून घेईन. पण कान हीच ज्यांची पदवी, त्यांना हे सांगायचं कुणी? आणि रस्त्यावर काही झालं तर? तू काय म्हणशील ते करू.

तुझा माझ्यावर जीव आहे, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला.

तुझी,
चिमटी

१५ मार्च

चि. चिमटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग एकेक गोष्ट जुळत गेली. परवा किटलीची शिट्टी कोकलत होती आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. किटलीचं बूड जळलं. मी चिडून दोन दिवस अबोला धरला. तो त्यांच्या लक्षातच आला नाही! मला वाटलं, माणूस निगरगट्ट झाला. मागच्या आठवड्यात सायकलवाला धडकला, कोपर सोलवटलं. घंटी का वाजवली नाही म्हणून त्या बिचाऱ्याला ऐकवत होते. मी स्वतः ती घंटी ऐकली होती. पुढच्या वेळी सायकल नसेल, ट्रक असेल, हे मनातून जात नाही.

मी सांगून उपयोग नाही. कान म्हटलं की त्यांना म्हातारा ऐकू येतं. तेवढं मात्र स्पष्ट ऐकू येतं. तू असं कर. माझ्या हेडफोनवर भरवसा राहिला नाही, तुमच्याही नाही, असं त्यांना लिही. कपाटातलं कानाचं यंत्र लावून बारा पुन्हा पारखून द्या. पुडी परत पाठव. औषध म्हणून हा माणूस ते कानात घालणार नाही. हत्यार म्हणून घालेल.

जिवाला खाऊ नकोस. आहोत आम्ही.

तुझी,
मामी

२ एप्रिल

चि. चिमटीस आशीर्वाद.

पुडी आणि पत्र मिळालं. भाचीला अखेर अक्कल आली, असं म्हणत यांनी तुझं पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. मग कपाटातून खिशात ठेवायचं एक जुनं यंत्र काढलं, नवा सेल घातला, वायर कानात. मी दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसले. घातलेल्याच पुन्हा घालत होते.

पहिला ट्रान्झिस्टर लावला, कपाळाला आठी. दुसरा लावला, यंत्राला शिवी. यंत्र उघडलं, पुसलं, वायर बदलली. पुन्हा पहिला. मग शांतपणे एकेक करत बारा. शेवटी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.  उठून जवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही. जरा वेळाने त्यांनी बारांचा ढीग पुढे ओढला आणि त्यातून फुसफुस नसलेले पाच काढले. ते सोबत आहेत. पुडीवर या वेळी बढाई नाही, नुसतं पाच लिहिलंय.

मग वायर कानात तशीच ठेवून स्वयंपाकघरात आले. कानाच्या डॉक्टरांची वेळ घे म्हणाले, आणि मी सोबत यायचं नाही. बरं म्हटलं. जाता जाता वळले आणि विचारलं, की चिमटीला हे आधीच कळलं होतं का. मी म्हटलं, छे, पोरीला कुठलं कळतंय, तिला फक्त भाग तपासून हवे होते. त्यांनी कानातली वायर नीट बसवली. मग म्हणाले की खोटं बोलताना माझा आवाज बारीक होऊन वर चढतो, आणि तो त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आणि मला तेच खोटं पुन्हा एकदा बोलायला लावलं.

दोघांवरही माया ठेव, बरोबरीने.

तुझी,
मामी