लाल सुतळीची थैली

बाबा, इंजिनिअरिंगला नेमकं काय शिकते असं तुम्ही एकदा विचारलं होतं आणि मी "तुमाले नाई समजत ते" म्हणून मोकळी झाले होते. खरं म्हणजे मलाच समजत नव्हतं. आता तेच मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवते, आणि कॉम्प्युटर नेटवर्कमधल्या डेटा लिंक लेयरचा धडा आला की पुस्तक मिटून तुमची भाजीची थैली सांगते. पोरं खिदळतात, पण पेपरात बरोबर लिहितात.

दर मंगळवारी बार्शीटाकळीच्या आपल्या मळ्यातली वांगी, मिरच्या, सांभाराची जुडी असं सगळं थैलीत भरून तुम्ही तोंड सुतळीनं बांधायचात. आतल्या चिठ्ठीवर माझं नाव आणि होस्टेल. बाहेरच्या चिठ्ठीवर फक्त 'अकोला स्टँड, चहावाला' आणि खाली 'वांगे बारा, मिरच्या चाळीस'. तुमच्या ओळखीचा कंडक्टर थैली अकोल्यापर्यंत आणायचा. तिथं चहावाल्यानं उकळता चहा सोडून मिरच्या मोजायच्या, बाहेरची चिठ्ठी फाडायची, आतला पत्ता बघून नवी लावायची आणि थैली अमरावतीच्या गाडीत टाकायची. एक मिरची कमी भरली तरी आख्खी थैली माघारी, कारण 'पोचली तं पुरी, नाई तं नाईच' हा तुमचा कायदा. डेटा लिंक लेयर याहून वेगळं काही करत नाही, बाबा. माहितीचं गाठोडं बांधायचं, त्याला फ्रेम म्हणायचं, आणि या हातातून पुढच्या हातात ते धड गेलं का, एवढंच बघायचं. हिशेब चुकला की फ्रेम फेकून द्यायची. पुढच्या मुक्कामाची चिंता वरच्या मजल्यावरच्यांनी, म्हणजे वरच्या लेयरनी करावी.

थैली मिळाली की मी आपल्या शेजारच्या दुकानात फोन करून "पोहोचली" सांगायचं, आणि दिवेलागणीपर्यंत फोन आला नाही तर बुधवारी तीच भाजी पुन्हा निघायची. पहिल्या वर्षी मी फोन करायला विसरले आणि खोलीत चोवीस वांगी झाली. मेसच्या मावशींनी मला हात जोडले. तुम्ही फोनवर कडाडलात, "काहून वं, पोचली म्हनाले तोंड दुखते का तुयं?" मग तुम्हीच तोड काढली. एका मंगळवारी पांढरी सुतळी, पुढच्या मंगळवारी लाल, आणि दुसऱ्यांदा पाठवलेल्या थैलीला पहिलीचाच रंग. "लालवर लाल आली तं समजजो, दुसरी जास्तीची हाय." पुस्तकात यालाच फ्रेमला क्रमांक देणं म्हणतात. मोठमोठ्या लोकांनी शून्य आणि एक वापरून जे केलं, ते चौथी शिकलेल्या माणसानं दोन सुतळ्यांत केलं, हे मी वर्गात छाती फुगवून सांगते.

पुढचं मात्र सांगत नाही. दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झाले. घरी सांगायची हिंमत नव्हती आणि तुम्ही समोर हवे होतात. त्या मंगळवारी लाल सुतळीची थैली आली, अगदी पुरी. मी फोन केला नाही. रात्री तुमचाच आला तेव्हा "नाई भेटली" म्हणाले. बुधवारी थैली घेऊन तुम्ही स्वतःच आलात, कारण तुमच्या मते कंडक्टरनं वांगी खाल्ली होती. होस्टेलच्या पायरीवर तुमच्याजवळ बसून मी रडले, नापास झाल्याचं सांगितलं. "गनितच तं हाय," तुम्ही म्हणालात, "पुन्ना देजो." मग हात धुऊन तुम्ही खिडकीला वाळत घातलेला माझा टॉवेल ओढलात. टॉवेल आदल्या दिवशीच्या थैलीच्या लाल सुतळीवर होता. तुम्ही हात पुसले, सैल झालेली गाठ ओढून नीट बांधलीत आणि कंडक्टरच्या नावानं शिव्या सुरू केल्यात. पुढे कधीही मी तुमच्यासोबत त्याच्या गाडीत चढले की तुम्ही त्याला वांगेचोर म्हणायचात. मी बाहेर बघायची.

तुमच्या तेरवीला तो कंडक्टर आला. जेवला आणि मला बाजूला घेऊन डोळे पुसत म्हणाला, "बाई, मले तं वांग्यानं खाज येते. पन तुया बाबानं सांगून ठेवलं होतं, पोरगी संगं असली का मी तुले वांगेचोर म्हनीन, तू ऐकून घेजो." मला माफी मागायची होती. तोंडून निघालं, "बुंदी घेतली का?"

परवा अंजनगावच्या एका पोरानं वर्गात विचारलं, "मॅडम, फ्रेम भेटली, पन घेनारा मुद्दाम चूप बसला तं?" म्हटलं, पाठवणारा पुन्हा पाठवील. "अन् बदनाम कोन होते?" मी म्हणाले, वायर. सगळा वर्ग हसला, आणि मी उगाचच फळा पुसत उभी राहिले.

हे पत्र कुठं टाकणार? बाहेरच्या चिठ्ठीवर कोणाचं नाव घालायचं, तेच कळत नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं, हे मलाही त्या बुधवारपासून, सतरा वर्षं माहीत आहे. तरी सांगायचं राहिलं ते राहिलंच. बाबा, थैली पोहोचली होती. बारा वांगी, चाळीस मिरच्या.