इफ्ताहाच्या मुलीचं उत्तर

११ जानेवारी, शनिवार

देवदूत! इफ्ताहाच्या गोष्टीत हर्षलने देवदूत घातलाय!

आज चर्चच्या हॉलमध्ये पटकथा वाचली. हर्षल एरवी लग्नांचं शूटिंग करतो. तरुण संघासाठी हा छोटा चित्रपट करतोय. शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून बघायचं काम माझ्याकडे. आधी सगळं बरोबर होतं. इफ्ताह लढाईला निघताना नवस बोलतो — जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. जिंकतो. दारातून डफ वाजवत, नाचत येते त्याची एकुलती एक मुलगी. इथवर ठीक. मग बाप सुरी उचलतो आणि आभाळातून पांढरे पंख!

म्हटलं, "अरे, देवदूत इसहाकासाठी आला होता, त्याच्या बापाने त्याच्यावर सुरी उचलली तेव्हा. हिच्यासाठी कोणी आलं नाही."

"बाई, लोक रडत घरी जातील."

"जाऊ देत!"

दिनेश माझ्याकडे बघेना. इफ्ताहाचं काम तोच करतोय — माझा धाकटा भाऊ, आवाज चांगला, चर्चचा सेक्रेटरी. आणि मुलगी कोण? त्याचीच आरोही.

१२ जानेवारी

उपासनेनंतर आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, गाठलं. संतोष पाळक माणूस गोड, पण सगळ्यांना खूश ठेवायचं असतं त्यांना. "ताई, काही अभ्यासक म्हणतात की मुलीला मारलं नाही, आजन्म कुमारी ठेवलं."

मान्य. तेही मत आहे. संडे स्कूलमध्ये मी दोन्ही सांगत आले. पण पंख कोणत्या अभ्यासकाला दिसले?

१४ जानेवारी

देवदूत आला की बाप सुटतो — हे मला नकोय! तिथे कोणी यायची गरजच काय होती? बाप होता की उभा. 'चुकलो' म्हणायला किती वेळ लागतो?

मला एवढा राग का येतोय? ठाऊक आहे. इथे तरी लिहावं. दिनेशचे नगरचे एक मित्र पावसाळ्यात वारले. शेवटच्या दुखण्यात त्यांचा हात धरून दिनेश म्हणाला, आरोही तुमच्या घरची सून. पोरीला विचारलंसुद्धा नाही. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय. लग्न म्हणे इस्टरनंतर. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. ताट पुढे सारून उठते फक्त.

मी बोलून बघितलं होतं. "देवाला साक्षी ठेवून शब्द दिलाय, ताई." आणि वर — "तुझं लग्न झालं नाही. तुला नाही कळायचं."

लिहिलं की डोक्यातून जाईल वाटलं. नाही गेलं.

१८ जानेवारी

दिवसभर सायखेड्याला. नदीकाठच्या बयाबाईंचं मातीचं घर हर्षलने इफ्ताहाचं घर म्हणून ठरवलंय. अंगणात मक्याच्या कणसांचा हा ढीग! म्हटलं, हलवा. इफ्ताहाच्या काळात त्या मुलखात मका नव्हता.

"बाई, कोणाला कळतंय?"

"मला!"

पोरं कुरकुरत ढीग हलवत होती तेवढ्यात बयाबाई पदर खोचून आल्या. "मका हलवा नायतर काय बी करा. पन पोरीला मारायचं शूटिंग माझ्या दारात नाय करायचं! माझ्या लेकी ह्या उंबऱ्यावरनं नांदायला गेल्यात." हर्षलने समजावलं, हे खोटं आहे, आजी. "खोटं बी नाय!" म्हणून पुढचे प्रसंग नदीकाठी.

आरोही डफ घेऊन नाचत बाहेर आली. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला! तिला बघून इफ्ताह कपडे फाडतो — तसं शास्त्रात आहे. दिनेशने सदरा असा काही फाडला की हर्षल 'कट' म्हणायचं विसरला.

२२ जानेवारी

चर्चच्या समितीची बैठक. देवदूत राहणार. आणि मी अडथळे आणते म्हणून श्रेयनामावलीतून माझं नाव जाणार.

काढा! खुशाल काढा!

२६ जानेवारी, रविवार

आज शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. नेमलेलं होतं स्तोत्र. मी उघडलं इफ्ताहाची गोष्ट आहे ते पुस्तक — शास्ते, अकरावा अध्याय.

नवसापासून शेवटपर्यंत वाचला. मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला तिने मागून घेतलेले दोन महिने. बापाने बोलल्याप्रमाणे केलं, ते. आणि इस्राएलच्या मुली दरवर्षी चार दिवस तिची आठवण काढत, तेही. गायकांच्या रांगेत दिनेश मान खाली घालून उभा.

पुस्तक मिटलं. आता बोलणी खायची, म्हणून ताठ उभी राहिले. पाळकसाहेब उठले. उपदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "आज यावर मी काही बोलणार नाही. घरी जाऊन पुन्हा वाचा."

दुपारी हर्षलचा फोन. "बाई, पंख दुकानात परत केले. शास्त्रात आहे तसंच करू."

जिंकले!

३० जानेवारी

आरोही वाक्य पाठ करायला आली. मुलगी बापाला म्हणते — बाबा, तुम्ही देवाला शब्द दिलाय, तसंच माझं करा.

पुन्हा पुन्हा म्हणाली. दर वेळी आवाज आणखी सपाट. "बरोबर आहे ना, आत्या?"

बरोबर होतं. याच वाक्यासाठी भांडले मी. ती गेल्यावर भाकरी केली, तशीच झाकून ठेवली.

१ फेब्रुवारी

शेवटचं शूटिंग. नदीकाठी. कॅमेरा चालू झाला. आरोही दिनेशसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला. मी नगरला जाणार नाही."

हर्षल माझ्याकडे वळला. "बाई — हे शास्त्रात नाही."

नाही. एक अक्षरही नाही.

"चालू ठेव," म्हटलं.

दिनेशने खोटी दाढी ओढून काढली. "नगरच्या लोकांना मी काय सांगू?"

"मी सांगते," आरोही म्हणाली.

त्याने हर्षलकडे ठेवलेला आपला फोन मागून घेतला, नगरचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.