स्लॅबखालचे टेकू

१२ ऑक्टोबर

पाया खणायला सुरुवात झाली एकदाची! माणसं चार यायची होती, आली दोन. गवंडी म्हणतो, "होऊन जाईल काकू." याला दुसरं वाक्यच येत नाही. आजपासून त्याचं नाव होऊन-जाईल.

हे दिवसभर उघड्या माळावर खुर्ची टाकून बसले. ऊन बाधेल म्हटलं, पण ऐकतील ते हे कसले! संध्याकाळी चराशी वाकून चिमूटभर मुरूम उचलला आणि म्हणाले, "जमीन घट्ट आहे." जन्मभर कारखान्यात लेथवर लोखंड कातलं, मुरमातलं काय कळतंय! पण चेहरा असा फुलला होता की मीही मान डोलावली.

१५ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. डावा डोळा गेलेलाच आहे. उजव्याचं विचारलं तर म्हणाले, "वर्षही निघेल किंवा महिनाही निघणार नाही. गेलेली नजर परत येत नाही." असं सांगतात का कोणी!

हे बाहेर पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "घर तेवढं बघायला मिळालं की झालं."

रात्रभर तेच वाक्य. आता एकच — ह्यांची नजर आहे तोवर घर उभं राहिलं पाहिजे. मग रंग नसला तरी चालेल, फरशी नसली तरी चालेल.

३ नोव्हेंबर

वाळू आली नाही.

४ नोव्हेंबर

आजही नाही! ट्रकवाला फोन उचलत नाही. मेला.

९ नोव्हेंबर

वाळू आली, तर गवंडी पसार! मेहुण्याचं लग्न म्हणे. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून — हा पठ्ठ्या दोन्ही एकदम बघायला निघाला. फोनवर त्याची चांगली हजेरी घेतली. पलीकडून शांतपणे, "होऊन जाईल."

घाई का आहे ते त्याला सांगितलेलं नाही. ह्यांना कोणाची कीव नको असते.

२८ नोव्हेंबर

जोतं झालं. आज निजायच्या खोलीत दोरी धरून उभी होते. खिडकी डोंगराच्या बाजूला हवी, हे ह्यांचं पहिल्यापासूनचं. "उशीवरून मान न हलवता डोंगर दिसला पाहिजे." तीस वर्षं समोर कारखान्याची भिंत बघितली बिचाऱ्यांनी. मागू देत एक डोंगर.

आडवी होऊनच बघितलं — जोत्यावर, मातीत, साडीसकट. कामावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसोत. डोंगर दिसतो!

१७ डिसेंबर

भिंती खांद्याच्या वर गेल्या. हे रोज भिंतीला हात लावून घरभर एक फेरी मारतात. होऊन-जाईल म्हणतो, "काका काय घोड्याला थोपटतात काय?" मलाही हसू आलं. जुनी खोड आहे. लेथवरचा तुकडा आधी बोटांनी बघायचे, मग मापाने.

आज स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी थांबले. "ही वीट बाहेर आलीय." होऊन-जाईल शपथा घ्यायला लागला. ओळंबा लावला तर खरंच बाहेर! केसाएवढं चुकलेलं ह्यांना खपत नाही. थर उतरवून पुन्हा रचायला लावला. अर्धा दिवस गेला माझा!

५ जानेवारी

भांडलो. चहा दिला होता, तो हाताच्या धक्क्याने सगळा सांडला. वर मलाच, "कुठेही ठेवतेस." आता भाड्याच्या एवढ्याशा खोलीत ठेवणार कुठे? बोलू नये ते मी बोलले. मग ह्यांनी निमूटपणे फरशी पुसली, अर्धी तशीच ठेवली. पुरुषांचं पुसणं!

लेकीचा फोन आला. फोन घेऊन हे अंगणात गेले, कितीतरी वेळ बोलत होते. मी गेले तर फोन ठेवून दिला. बाप-लेकीचं गुळपीठ पहिल्यापासूनच. मी कोण, कामवाली.

२ फेब्रुवारी

स्लॅब पडला!! दिवसभर कालवायच्या यंत्राची घरघर. घमेली हातोहात वर जात होती. कामावरच्यांना पोटभर खाऊ घातलं. हे शिडीशी उभे होते, खडीचा आवाज ऐकत. म्हणाले, "आता घराला डोकं आलं." डोळे पाणावले ह्यांचे. माझेही.

९ फेब्रुवारी

आत पाऊल टाकता येत नाही. सगळ्या खोल्यांत टेकूच टेकू, बांबूचं रानच म्हणा ना. ह्यांना दारातून दाखवायला गेले, तर दिसणार काय? खिडकीसुद्धा फळ्यांनी झाकलेली.

टेकू कधी काढणार विचारलं. होऊन-जाईल डोकं खाजवत म्हणाला, "तीन आठवडे ठेवायची रीत आहे. त्यातून थंडी पडलीय, सिमेंट हळू धरतं." मग आवाज बारीक करून, "पण सेंट्रिंगवाल्यालाही फळ्या दुसरीकडे हव्यात. तुम्ही म्हणत असाल तर... होऊन जाईल."

तीन आठवडे! इथे एकेक दिवस हातातून निसटतोय. काल ह्यांनी शर्ट उलटा घातला होता.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "राहू दे टेकू. मला घाई नाही."

"तुम्हाला नसेल, मला आहे!"

काहीतरी बोलणार होते. मग उठून अंगणात गेले.

१२ फेब्रुवारी

काढले! मीच उभी राहून काढायला लावले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, नसू दे. फळ्या निघाल्या आणि खोलीत भसकन उजेड आला. समोर डोंगर — आख्खा!

उद्या झाडून घेते. परवा ह्यांना आणते.

१३ फेब्रुवारी

झाडू घेऊन गेले. सहज वर बघितलं. निजायच्या खोलीत भेग. खिडकीपासून दारापर्यंत. छताला मधोमध पोट आलंय, आणि खाली जमिनीवर सिमेंटचा चुरा. कालपासूनच पडत असणार.

होऊन-जाईल आला, बघितलं. आज "होऊन जाईल"सुद्धा म्हणाला नाही. उरलेले दोन टेकू शोधून घाईने भेगेखाली ठोकले. मग म्हणाला, "पाडायला लागेल काकू. भिंतीही थोड्या उतरवाव्या लागतील."

किती दिवस? म्हणाला, उन्हाळा जाईल.

ह्यांच्याकडे उन्हाळा आहे का? देवा, काय करून बसले मी! थांबले असते, नुसती थांबले असते तर आणखी दहा दिवसांत ह्यांनी आपलं छत बघितलं असतं. मीच खाल्लं ते. कोणाला बोलू?

१४ फेब्रुवारी

सांगायचं होतं. जेवण झालं, भांडी झाली, अंथरुणं झाली. नाही सांगितलं. एका विटेसाठी थर उतरवायला लावणारा माणूस. वाटलं, उद्या स्वतःच बघू देत. काय बोलायचं ते तिथेच बोलू देत.

१५ फेब्रुवारी

नेलं. हाताला धरून खोलीत उभं केलं. नुसतं वर बोट केलं. हे हललेच नाहीत. शेवटी म्हटलं, "वर बघा."

मान वर केली. बराच वेळ बघत राहिले, अगदी भेगेच्या खाली उभे राहून.

म्हणाले, "सुरेख! कुठे साधी रेघसुद्धा नाही."

मी "हो" म्हटलं.