अँटेन्याचं तोंड कुठलं?

वाशी, शनिवार, मे १९८६

अजून हसू येतंय. सकाळी दूध संस्थेच्या पत्र्यावर टीव्हीचा अँटेना मीच बसवला, तोंड बरोब्बर सोलापूरच्या टॉवरकडं. संध्याकाळी सारं गाव जमलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! वर चढलो, तर अँटेना उलटा फिरलेला.

खालून चेअरमन नाना म्हणाले, "म्याच फिरवला. सोनारीच्या भैरोबाकडं पाठ व्हती त्याची."

"नाना, आखूड काड्यांकडं त्याचं तोंड असतंय. रुंद बाजू म्हणजे पाठ. सोलापूर अन् सोनारी एकाच अंगाला. देवाकडं पाठ तुम्हीच केली की आता!"

नानांनी गालात मारून घेतलं. "आरं मग फिरीव, लवकर फिरीव!"

चित्र लख्ख आलं. सारे पडद्याकडं बघत होते. नाना तेवढे अँटेन्याला हात जोडून उभे.

तोंड कुठलं, हे सकाळीच सांगायला मला काय झालं होतं?