उठता येईल असा सोफा

९ मार्च

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

इतके महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागते. त्या दिवशी फोन तुम्ही आपटलात की मी, यावर बराच विचार केला आणि अजून मला नक्की सांगता येत नाही. म्हणून फोन न करता लिहिते आहे. पत्रात समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

बातमी अशी की बाहेरच्या खोलीतला सोफा गेला. ह्यांचा दातांचा दवाखाना घरातच काढल्यापासून आमची बसायची खोली हीच पेशंटांची थांबायची खोली, हे तुम्ही पाहिलंच आहे. सकाळपासून पेशंट, दुपारी जेवणानंतर हे स्वतः आडवे, संध्याकाळी दोघी मुली त्याच्यावर अभ्यास या नावाखाली जे काही करतात ते, आणि या सगळ्यात दाराकडच्या कोपऱ्यात दिवसभर आई. परवा बेकरीवाले अक्कलदाढ काढायला आले. इंजेक्शन देऊन ह्यांनी त्यांना जरा वेळ बाहेर बसवलं, ते आईंच्या शेजारी टेकले, आणि मधली फळी मोडून दोघंही खाली. बेकरीवाल्यांचा जबडा बधिर, त्यांना ओरडताही येईना. दोघांच्या वतीने आईच ओरडल्या. लागलं कुणालाच नाही.

आता नवा घ्यायला हवा. ह्यांचं म्हणणं पडलं की ताईच्या माहेरची वस्तू आहे, तिला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. म्हणून विचारते. मला दिसायला कसाही चालेल, पण रोजचा एवढा भार सोसून टिकणारा हवा. तुमच्या मनात काय आहे ते कळवावं.

मुलींचा नमस्कार. लोभ असावा, निदान उत्तर तरी असावं.

आपली,
वहिनी


१६ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

नणंद आठवली, तीही सोफा मोडल्यावर. असो.

बेकरीवाल्याची गंमत तू रंगवून लिहिली आहेस. मला हसू आलं नाही. माझी आई या वयात जमिनीवर आदळली आणि तुला त्यात विनोद दिसला. ती त्या कोपऱ्यात दिवसभर काय करते, ते मागच्या खेपेला मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी कोण आलं, कुणाचा नंबर, कुणाला नुसतं दाखवायचंय, सगळं तिला तोंडपाठ. माणूस ठेवला तर पगार द्यावा लागतो. सासू फुकटात मिळते, शिवाय रविवारची सुट्टीही मागत नाही.

तू विचारलंस म्हणून माझं मत सांगते. आईने बाहेरच्या खोलीत बसायचंच नाही. येणाराजाणारा कुठून कुठून बसून आलेला असतो, त्याच्या मांडीला मांडी लावून तिने का बसावं? तिला आतल्या खोलीत, खिडकीपाशी, मऊ, ऐसपैस, पाय लांब करता येतील असा सोफा हवा. तो मी पाठवते आहे. बाहेर तू तुझ्या पेशंटांसाठी बाकडं टाक, नाहीतर धोंडे मांड.

हे जमणार नसेल तर स्पष्ट कळव. मी आईला इकडे आणते. आमच्या नवव्या मजल्यावर छान शांत असतं, दिवसभर कुणी बेलसुद्धा वाजवत नाही.

भावाला सांग, बहिणीला पत्र लिहायला बायको लागू नये. लोभ आहे की नाही, ते तूच तपासून बघ.

ताई


२४ मार्च

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. फुकटात मिळालेल्या सासूचं वाक्य अगदीच खोटं असतं, तर मला इतकं झोंबलं नसतं. मी स्वतःला विचारलं की आई त्या कोपऱ्यात नसत्या तर मला नोकरीवरून दुपारी धावत यावं लागलं असतं का? लागलं असतं. मग मी आईंनाच विचारलं, की तुम्ही तिथे आमच्यासाठी बसता की तुमच्यासाठी.

त्या आधी चिडल्या. मग म्हणाल्या की दात दुखणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला कुणाशी तरी बोलायचं असतं, आणि डॉक्टर तर तोंडात हात घालून प्रश्न विचारतो. आतल्या खोलीत भिंतीशी काय बोलू, असंही म्हणाल्या. आणि एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला जशीच्या तशी कळवणं मला भाग आहे. त्यांनी स्वतःशी ठरवलंय की ज्या दिवशी बसल्या जागेवरून उठायला दुसऱ्याचा हात लागेल, त्या दिवशी त्या आपणहून बाहेरची जागा सोडतील. मग आतल्या खोलीत ठेवायचं की नवव्या मजल्यावर, ते आपण ठरवावं. त्याआधी कुणी ठरवायचं नाही.

तेव्हा सोफ्याकडे मी आता वेगळ्या गांभीर्याने बघते आहे. सगळी दुकानं पालथी घातली. वरून कापड झकास आणि आत भुश्श्याच्या फळ्या, असलेच फार. मी प्रत्येक सोफा पुढच्या एका पायाला धरून उचलून पाहिला. सांगाडा मजबूत असेल तर दुसरा पाय लगेच बरोबर उठतो. पोचट असेल तर सोफा पिळवटतो आणि दुसरा पाय जमीन सोडत नाही. फोम गुडघ्याने दाबून पाहिला. ह्यांना तिथे आडवं केलं, मुलींना उड्या मारायला लावल्या, विक्रेता बिचारा दुसरीकडे बघत उभा राहिला. शेवटी एक तपकिरी सोफा पसंत केला. सागवानी सांगाडा, घट्ट फोम, जाड कापड, खोळी काढून धुता येतात. काही दिवसांत सांगते म्हणून आले आहे.

तुम्ही तुमचा पाठवायचाच म्हणत असाल तर आतल्या दाराची मापं कळवते. दुरून मऊ काय आणि टणक काय हे सांगणं सोपं आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नेहमीच आज्ञाधारक वाटतात. कमीजास्त लिहिलं असेल तर क्षमा असावी, पण खोडत नाही.

आपली,
वहिनी


२ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

मापं कळवते म्हणे! ज्या चौकटीला पाठ लावून बाबा दर वाढदिवसाला माझी उंची मोजायचे, पेन्सिलीने खूण करायचे, त्या दाराचं माप मी तुला विचारायचं? तू त्या घरात आलीस तेव्हा ते दार माझ्या खुणांनी भरलेलं होतं. माझ्या माहेरची ओळख मला करून देऊ नकोस.

सोफा निघालेला आहे, गुरुवारी पोचेल. मोतिया रंगाचा आहे. दुकानात बसले तर उठावंसंच वाटेना, इतका मऊ. तुझ्या तपकिरी ओंडक्यावर तुझे पेशंट बसू देत, दात दुखत असताना बूडही दुखलं तर तेवढंच लक्ष वळेल.

आईने काय ठरवलंय ते मला आईकडून कळेल. तिच्या नावावर तू काय काय लिहितेस, हे तपासायला मी तिथे नाही, म्हणून तुझं फावतं. आणि दुकानात सोफे उचलून, उलथेपालथे करून बघणारी बाई आमच्या घरात आजवर झाली नव्हती, तीही आता झाली.

कळावे. लोभाचं पुढे बघू.

ताई


११ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा सोफा गुरुवारी आला. आतल्या खोलीत गेला नाही. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, हमालांनी आपापसात जे बोलायचं ते बोलून घेतलं. ज्या चौकटीवर तुमची उंची मोजली जायची ती दवाखाना काढताना निघाली. आईंनी ती मोडीत घालू दिली नाही, माळ्यावर आहे, तुमच्या खुणांसकट. नवं दार अरुंद आहे. मागच्या खेपेला तुम्ही त्यातून दिवसभर येजा केलीत. आणि जुनं असतं तरी त्याच्यावर तुमची उंची लिहिलेली होती वन्सं, रुंदी नव्हती.

हमाल निघून गेले. त्यामुळे ज्या सोफ्याने आईंना पेशंटांपासून दूर न्यायचं होतं, तो आता बाहेरच्या खोलीत पेशंटांच्या मधोमध आहे, आणि दवाखान्याचं दार अर्धंच उघडतं. मोतिया रंगावर पहिला डाग शुक्रवारीच पडला. हे सगळं लिहिताना मला आनंद झाला, हे कबूल करते. पुढचं लिहिताना होत नाही.

शुक्रवारी सकाळी आई त्यावर बसल्या. म्हणाल्या की लेकीने पाठवलाय, बसून बघते. मी कामावर गेले. दुपारी आले तर त्या तिथेच. सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेली. पाण्याला हात लावलेला नाही. पेशंटांशी हसून बोलत होत्या. मला वाटलं, फारच आवडला. मग मुख्याध्यापकीणबाई, रूट कॅनालवाल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आजी सकाळपासून दोनदा उठायला गेल्या आणि दोन्हीदा खाली रुतल्या, पण हात दिला तर घेत नाहीत. पाणी प्यायलं तर आत जावं लागेल, आणि आत जायचं तर आधी उठावं लागेल, म्हणून पाणीच नाही. शेवटचा पेशंट आत गेल्यावर जवळ गेले. त्यांनी माझा हात धरला नाही. धरला तर ठरवल्याप्रमाणे वागावं लागलं असतं. कुशीवर वळून, गुडघे जमिनीला टेकून, तशा उठल्या. मी दुसरीकडे बघितलं.

तुम्हाला दोष देऊन मला इथेच थांबता आलं असतं. पण संध्याकाळी मी दुकानात जाऊन माझ्या तपकिरी सोफ्यावर मागे पाठ टेकून बसले. माझे पाय जमिनीवरून सुटले. आई माझ्याहून बुटक्या. बैठक ह्यांच्या मापाने खोल, ह्यांनाच आडवं करून पाहिलं होतं ना मी. उठायला हाताला आधार द्यावा तर दोन्ही बाजूंना गोल मऊ लोड. टिकला असता तो, वीस वर्षं टिकला असता. आई त्यात टिकल्या नसत्या. नको म्हणून सांगून आले.

सध्या आई स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर दारापाशी बसतात. पाठ दुखते, पण उठता येतं.

लोभाची मागणी या वेळी करत नाही.

आपली,
वहिनी


१३ एप्रिल

दोघींना,
आशीर्वाद, सारखेच मोजून.

एकच पत्र लिहिते आहे, दोनदा लिहायला बोटं वळत नाहीत. सूनबाईला वाचायला देऊन मग पाकिटात घालीन.

ताई, तुझा सोफा मऊ आहे. चिखलही मऊच असतो. मी काही आजारी नाही, मला निजवून ठेवायचा सोफा पाठवू नकोस. आणि सूनबाई माझ्या नावावर खोटं लिहिते असं पुन्हा लिहू नकोस. तिने लिहिलं ते मी बोलले होते. तुझ्या नवव्या मजल्यावर मी महिनाभर राहिले आहे. तिथे बेल वाजत नाही हे खरं, म्हणून तर मी परत आले.

सूनबाई, तू सगळ्या घराला दुकानात नेलंस. नवऱ्याला निजवलंस, पोरींना नाचवलंस. दिवसभर त्याच्यावर बसणारी मी, मला सांगितलंस की तुम्ही कशाला दगदग करता, घरीच थांबा. तुझी काळजी कळली. पण काळजीने माणूस आतल्या खोलीतच जातो, मग ती तुझी असो की ताईची.

दोघी मिळून माझ्यासाठी भांडता की माझ्यावरून, एवढं एकदा बघा. दोघींपैकी एकीनेही मला बसवून पाहिलं नाही.

आई


२० एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

आईचं पत्र मिळालं. शुक्रवारचं तू मला फोन करून का कळवलं नाहीस, याचा राग आहे आणि राहील. कळवलं असतंस तर मी फोन उचलला असता की नाही, हा प्रश्न तू विचारशील, म्हणून आधीच सांगते की विचारू नकोस.

मोतिया सोफा न्यायला दुकानाची माणसं बुधवारी येतील. डागाचं मी बघते. नवा घ्यायचा तो मिळूनच घेऊ. तुझ्या पायउचलीच्या परीक्षेला माझी हरकत नाही, सांगाडा भक्कम हवाच. मात्र रंग तपकिरी नको, दवाखान्यात आधीच कुणी हसत नाही.

आतल्या दाराची रुंदी कळव. आईच्या गुडघ्याची जमिनीपासून उंचीही कळव. मी तुला विचारते आहे, हे हवं तर लिहून ठेव.

ताई

ता. क. ती चौकट माळ्यावर नीट ठेवली आहे ना? वाळवी बघत जा.


२६ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

दाराची रुंदी सव्वादोन फूट. तुम्ही विचारलंत ते लिहून ठेवलेलं नाही, पण लक्षात राहील.

चौकट काल खाली काढून पुसली. वाळवी नाही. सगळ्यात वरची खूण माझ्या डोक्याच्याही चार बोटं वर येते. तुम्ही माझ्याहून उंच आहात हे मला आजवर फक्त पत्रांतूनच जाणवत होतं.

मोतिया सोफा गेला. जाताना दवाखान्याच्या दाराचा थोडा रंग घेऊन गेला. बेकरीवाले हळहळले, दुसरी दाढ काढल्यावर टेकायला त्यांना तो फार आवडला होता. तपकिरी घेणार नाही, पण मोतियाही घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं भांडण कशावरून, ते दोघींना माहीत असलेलं बरं.

गुडघ्याची उंची मात्र कळवू शकत नाही. मोजपट्टी घेऊन समोर गेले तर आईंनी पाय खुर्चीखाली घेतले. मला काय शिंप्याकडे आणलंय का, म्हणाल्या. दुकान कुठे आहे ते विचारलं, पायऱ्या किती आहेत ते विचारलं, मग उठून आपली चांगली चप्पल दाराशी काढून ठेवली. उठताना खुर्चीच्या कडेला हात लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

माझ्या रोजनिशीत रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाचं एकच काम लिहायची मला सवय आहे. या पत्रापुरतं ते इथेच लिहिते, म्हणजे चुकलं तर तुम्हालाही कळेल.

उद्या: आईंना दुकानात न्यायचं, त्या बसतील, आणि उठेपर्यंत मी हात मागे बांधून उभी राहीन.

आपली,
वहिनी