लिटरवरचं दूध

आई, सांडोरच्या आपल्या ओटीवर सरकारी शिक्क्याचं लिटरचं माप आलं, तो दिवस आज उगाच आठवतोय. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. शेर हा लिटरपेक्षा थोडा लहान, हे मुलांच्या तोंडी बसावं म्हणून मी त्याची आर्या रचली होती आणि गोठ्याच्या दारात उभा राहून तुला चालीवर म्हणून दाखवत होतो. धार काढता काढता तू म्हणालीस, "चाल बरी आहे. म्हैस हलली नाही."

मला काळजी वेगळीच होती. शेर घेणारी घरं आता लिटर घेणार. म्हशीचं दूध मात्र तेवढंच, म्हणजे आपल्या तपेलीत उरणार कमी. त्यात तुझी रीत अशी, की माप ओतून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या भांड्यात थोडं आणखी सोडायचंच. त्याला आपण 'वरचं' म्हणायचो. लिटर मुळात मोठा आहे, वरचं आता बंद कर, असं मी तुला दोनदा बजावलं होतं.

पाचूबंदरची मासळीवाली मावशी पाटी उतरवून ओटीवर टेकते. नवं माप बघून तिचं तोंड वाकडं होतं. "गो बाय, यो डबा सरकारला दे. मना माजा शेर पायजे." तू वाद घालत नाहीस. जुना शेर भरून लिटरच्या मापात ओततेस. वर बोटभर जागा उरते. तीही भरतेस. "हा बघ तुझा शेर, आणि हे वरचं. सरकारनं दोन्ही एकात घातलं." मी मनात म्हणतो, सुटलो. मावशी दूध घेते, पण चंबू तसाच पुढे धरून ठेवते. "यो सरकारचा वरचा झाला. तुजा कुटं हाय?"

तू हसलीस. माझ्याकडे न बघता आपली तपेली उचललीस आणि तिच्या चंबूत कलती केलीस.

त्यानंतर तुझा चहा कोरा झाला. विचारलं तर म्हणालीस, "मला तसाच आवडतो." मी पुन्हा विषय काढला नाही. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहितो. तुला कोरा आवडत नव्हता हे मला कळत होतं, तरी तू वरचं बंद करू नयेस असंच वाटायचं. केळीच्या पानांतून येणाऱ्या उन्हात तुझ्या हातून सुटणारी ती बारीक पांढरी रेघ बघण्यासाठी मी रोज शाळेत उशिरा पोचायचो.