दुपारची लेडीज बॅच

बिबवेवाडी,
शुक्रवार

प्रिय श्रद्धा,

पाकीट बघून तुला वाटेल, रझियाचा फोन बिघडला की काय. फोन उत्तम चालतो. बिघाड तुझ्याकडे आहे, तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या रेघा उमटतात, म्हणजे वाचतेस, आणि उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवतेस. शाळेपासूनच्या मैत्रिणीला कुणी हात जोडतं का? निवडणुकीला उभी राहिली आहेस का तू? म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. निदान मधेच 'बरं, ठेवते' म्हणून तू मला तोडू शकणार नाहीस.

मोठी बातमी आधी सांगून टाकते. आमच्या पोहण्याच्या तलावावरची बायकांची बॅच या महिनाअखेरीला बंद होणार आहे. तुला वाटेल, त्यात एवढं काय! पण माझं निम्मं आयुष्य सध्या त्या बॅचवर चाललंय. गुडघ्यांचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, चाला. हे सांगणारे डॉक्टर स्वतः गाडीने येतात, त्यांनी आमचा फूटपाथ कधी पाहिलेला नाही. त्यावर आधी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मग झाकण नसलेलं चेंबर, मग मागून हॉर्न देणारा दुचाकीवाला, आणि वर तोच आपल्याला म्हणणार, 'काकू, बाजूने चला ना.' दोनदा पडता पडता वाचले आणि घरी खुर्ची धरली. सहा महिने ती खुर्ची आणि मी. साखर वाढली, वजन वाढलं, नियाजसारख्या गरीब नवऱ्यावर ओरडणं वाढलं. मग सूनबाईने, फैजच्या अफशीनने, मला जवळजवळ ढकलतच तलावावर नेलं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि चालून पाहिलं. श्रद्धा, दुखलं नाही. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, काहीच दुखलं नाही. मी पाण्यात उभी राहून रडले. चेहरा ओलाच होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी तुझी फार आठवण आली. आपण दहा-अकरा वर्षांच्या असू. अब्बांनी मला तलावावर पाठवलं ते केवळ तुझी आई सोबत येते म्हणून. पाठीला पत्र्याचा डबा बांधून सोडायचे, आठवतं? तुझा डबा केव्हाच सुटला होता, मी मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डबेवालीच. तेव्हापासून तू मला शिकवतेस. 'गुडघे वाकवू नकोस, बेडूक आहेस का?' असं काठावरून ओरडायचीस. पुढे मुलींच्या शाळेत तीस वर्षं हेच ओरडायचा पगार घेतलास. एकेका वर्गाला पाण्यात उतरवलंस. पालक म्हणायचे, मुलगी काळी पडेल, केस खराब होतील; तू म्हणायचीस, केस मी विंचरून पाठवते, मुलगी तेवढी द्या. असं सांगणारी दुसरी बाई मला अजून भेटलेली नाही.

तर ती बॅच. बंद पडायची पाळी पहिल्यांदा मार्चमध्ये आली, आणि ती आणली आमच्या दिग्विजयने. हा इथला भावी नगरसेवक. गेली बरीच वर्षं भावीच आहे. पोरगा वाईट नाही. महिला दिनाला त्याने तलावावर आमच्या छोट्या शर्यती घेतल्या, सगळ्यांना कॅसरोल दिले, फोटो काढले. आम्हीही हौसेने उभ्या राहिलो. दोन दिवसांनी चौकात हा भला मोठा फ्लेक्स! वर दिग्विजय, काळा गॉगल, कानाला फोन. खाली अक्षरं: 'आपल्या प्रभागातील जलपऱ्यांचे हार्दिक अभिनंदन'. आणि त्याखाली आम्ही सगळ्या जलपऱ्या, पोहण्याच्या कपड्यात, टोप्या घातलेल्या, पाणी निथळतंय, आणि प्रत्येकीच्या फोटोखाली पूर्ण नाव. माझा पोशाख गळ्यापासून घोट्यापर्यंत, तरी मी त्यात ओल्या बोचक्यासारखी दिसत होते. नियाज दुकान बंद करून घरी आला, हात धुतले, जेवायला बसला आणि म्हणाला, 'तुझा फोटो दिग्विजयच्या फोटोपेक्षा मोठा आलाय. शोभतेस.' नंतर ठसका लागेपर्यंत हसला. माझं तेवढ्यावर भागलं. बाकीच्यांचं भागलं नाही. यवतमाळहून आलेली वल्लरी घरूनच कंपनीचं काम करते. तिच्या सासूबाईंना शेजारणीने चौकात नेऊन फ्लेक्स दाखवला. आणि आमच्या मुक्ताईने तर घरी सांगितलं होतं की ती भजनी मंडळात जाते! ओले केस घेऊन रोज भजनातून यायची, कुणी विचारलं नव्हतं. आता मुलाने विचारलं. पुढच्या सोमवारी तलावावर मी, अफशीन आणि प्रशिक्षक राजनंदिनी, एवढ्याच. एवढं मोठं निळं पाणी आणि आम्ही तिघी. मॅनेजर वैजनाथ वहीत बघून म्हणाले, 'महिलांचा प्रतिसाद नाही, बॅच पुरुषांना द्यावी लागेल.'

मी रिक्षा करून दिग्विजयच्या संपर्क कार्यालयात गेले. भांडायलाच गेले होते. तो बिचारा खुर्चीवरून उठून म्हणाला, 'काकू, मी तर तुमचा सन्मान केला.' त्याला खरंच कळलं नव्हतं. जिथे वाढदिवसाचा, दहावीचा, बारशाचा फ्लेक्स लागतो, तिथे त्याला वाटलं की बायकांना पाण्यात न्यायचं तर त्यांचाही फ्लेक्स हवा. मी म्हटलं, बाबा, तिथे येणाऱ्या बाईला तासभर कुणीही बघत नाही, म्हणून ती येते. तू तिला चौकात टांगलंस. त्याचा चेहरा पडला. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. मग म्हणाला, आता काय करू ते सांगा. त्याला असं विचारता येतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मग मीही सांगत सुटले. वरच्या गॅलरीत पालक म्हणून कोणीही बाप्या येऊन बसतो, तिथे आमच्या वेळेत कापड लावा. कपडे बदलायच्या खोलीची कडी तुटली आहे, एकीला दार धरून उभं राहावं लागतं. बॅच बारा वाजता ठेवली कारण म्हणे बायका तेव्हा मोकळ्या असतात; कुठल्या बायका? बाराला पोरांची शाळेची रिक्षा येते, जेवणं असतात, आमच्यात शुक्रवारी तर नमाज आटोपून सगळे एकदमच ताटावर. तीनची वेळ द्या. आणि केस वाळवायची दोन यंत्रं लावा, कारण ओल्या केसांनी रस्त्यातून जाणं नको म्हणून निम्म्या जणी येत नाहीत. दिग्विजय म्हणाला, 'केसांमुळे?' मी म्हटलं, हो, केसांमुळे. त्याने वैजनाथांच्या मागे लागून सगळं करून घेतलं. कापडाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलंय, पण बारीक अक्षरात. तेवढं चालवून घेतलं.

बायका तरी लगेच आल्या असं समजू नकोस. मी घरोघर जाऊन साखर, गुडघे, रक्तदाब यांवर भाषणं दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा दिला आणि कुणी आलं नाही. शेवटी मुक्ताईला म्हटलं, अगं, अफशीनला नेहमी जमत नाही, एकटीने मला पाण्यात उतरायची भीती वाटते, तू नुसती काठावर बसून राहा. ती बसायला आली. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी उकडायला लागलं म्हणून उतरली. तिने वल्लरीला आणलं, वल्लरीने तर सासूबाईंनाच आणलं. त्या आता उथळ भागात काठाची दांडी धरून उभ्या राहतात आणि पाण्यातूनच सुनेला सूचना देतात. आता दुपारी इतका गलका असतो की राजनंदिनीची शिट्टी ऐकू येत नाही.

मधे मी तुझ्याकडे आले होते ना, ईदनंतर शिरखुर्मा घेऊन. तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही, शनिवार पेठेतली तुमची ती जुनी सोसायटी. मी प्रत्येक मजल्यावर बसत बसत तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. बेल वाजवली आणि बराच वेळ थांबले. तू आलीस ती भिंतीला हात लावत आलीस. तुला वाटलं मी पाहिलं नाही. तू, श्रद्धा! पर्वतीच्या पायऱ्या मुलींना दोनदा चढायला लावणारी. चपलांच्या स्टँडवर तुझे बूट होते, त्यांच्यावर धूळ होती. दूध दारात, भाजी दारात, औषधं दारात. कुणालाच खाली उतरायची गरज पडू नये अशी सगळी व्यवस्था. श्यामसुंदरना जाऊन दिवाळीला वर्ष होईल. ते होते तेव्हा संध्याकाळी तुम्ही दोघं नदीकाठाने फिरून यायचात. ते गेले आणि तुझं फिरायला जाणंही गेलं. मी विचारलं, तर म्हणालीस, सगळं ठीक आहे, एकटीने कुठे जायचं. तू खुर्मा वाटीत काढलास, चव घेतली नाहीस. मी खाली उतरले आणि रिक्षात बसून फार रडले. मला भीती वाटली, श्रद्धा. खुर्चीत बसून मी कशी झाले होते ते मला माहीत आहे, आणि तुला तर कुणी ढकलणारंही घरात नाही.

मग फोन सुरू केले. सकाळी चालायला जा, व्यायामाचे व्हिडिओ बघ, डॉक्टर काय म्हणतात ते ऐक. म्हणजे बायकांपुढे फुकट गेलेली तीच भाषणं मी तुला दिली, आणि तू मला हात जोडलेस. बरोबरच केलंस.

आता बॅच का बंद होणार ते सांगते. राजनंदिनीला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली. मुलगी नागपूरला चालली आहे, आम्ही तिला साडी घेतली, सगळ्या खूश आहोत आणि सगळ्या बुडालो आहोत. कारण तलाव चालवणाऱ्या संस्थेचा नियम असा की काठावर अनुभवी महिला प्रशिक्षक नसेल तर महिलांची बॅच चालवायची नाही. जीवरक्षक म्हणून एक नवी मुलगी आली आहे, ती राहणार आहे, पण ती वयाने लहान. शिकवणारी वेगळी हवी. जाहिरात दिली, कुणी आलं नाही. दुपारच्या एका तासासाठी कोण येणार? वैजनाथ म्हणाले, एक सभ्य, विवाहित गृहस्थ आहेत. मुक्ताई म्हणाली, 'सभ्य असतील तर तेच नाही म्हणतील.' कालपर्यंत हे असंच अडलेलं होतं. बॅच गेली तर बाकीच्या काय करतील ते त्या बघतील, मी मात्र पुन्हा त्या खुर्चीत जाईन हे मला स्पष्ट दिसतंय. रस्त्यावर मला चालता येत नाही, आणि तो रस्ता दुरुस्त होईपर्यंत माझे गुडघे थांबणार नाहीत.

म्हणून काल मी वैजनाथांना तुझं नाव सांगून टाकलं. हो, तुला न विचारता. तीस वर्षांचा अनुभव म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. तुला पाण्यात उतरायचं नाही, खुर्ची घेऊन काठावर बसायचं आणि ओरडायचं आहे. ओरडायला तुला वयाची अडचण कधीच नव्हती. हे सगळं मी तुझ्या भल्यासाठी करतेय की माझ्या, असा संशय तुला येईल, तर दोन्हीसाठी. तू मला हवी आहेस. बॅचसाठी हवी आहेस आणि बॅच नसती तरी हवी असतीस. हे पाकीट उद्या फैज तुझ्या दारात देईल, आणि सोमवारी अडीच वाजता मी तुझ्या इमारतीखाली रिक्षात असेन. वर यायला सांगू नकोस, ते तीन मजले आता माझ्याने खरंच होत नाहीत; मागच्या वेळी उतरल्यावर दोन दिवस झोपून होते. या वेळी तुलाच खाली यावं लागेल. रिक्षावाल्याला मी सांगून ठेवणार आहे की आमच्या बाईंना वेळ लागेल. कठड्याला धरून ये, मजल्यावर दम खा, अजिबात घाई करू नकोस. मी थांबलेली आहे.

तुझीच,
रझिया